कुंडीतलं ऱ्होडोडेंड्रॉन बाहेर कसं आलं?

गेल्या जूनमध्ये माझ्या ४८ कुंड्यांपैकी ३१ कुंड्यांमधली रोपं चार दिवसांत मेली. पीएचडीचं तिसरं वर्ष, दीड वर्ष जपून वाढवलेली रोपं, आणि निमित्त काय, तर स्कॉटलंडमध्ये (हो, स्कॉटलंडमध्ये!) सलग चार दिवस कडक ऊन पडलं. रोपं ऱ्होडोडेंड्रॉनची होती. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, काचघराबाहेरच्या बाकावर ओळीने मांडलेल्या. वरून पानं तशी बरी दिसत होती, पण एक कुंडी उचलायला गेले तर कडेला हात पोळला. रोप उपसून पाहिलं. उन्हाच्या बाजूची सगळी मुळं तपकिरी झाली होती आणि बोटांत चुरगळत होती. चूक सर्वस्वी माझी. सावलीची जाळी लावायला हवी होती, ती मी 'उद्या लावू' म्हणून ठेवली होती.

काचघराची देखभाल करणारे एक साठीचे गृहस्थ आहेत, मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. त्यांनी तो मेलेल्या रोपांचा ढीग पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हे झाड मुळात कुंडीचं नाहीच." तिथून तीस-चाळीस पावलांवर त्याच जातीचं एक जुनं झाड जमिनीत उभं आहे. त्याच चार दिवसांत, त्याच उन्हात, त्याचं पानही वाकडं झालं नव्हतं.

मग प्रयोग ठप्प झाल्यावर पीएचडीचे विद्यार्थी जे करतात तेच मी केलं. वाचत बसले. प्रश्न साधा होता: हे झाड पहिल्यांदा कुंडीतून काढून उघड्या जमिनीत लावायचं धाडस कुणी केलं, आणि ते जगेल हे त्यांना कसं कळलं? उत्तर शोधता शोधता लक्षात आलं की त्यांना ते कळलं नव्हतं. शंभरेक वर्षं लोक हे झाड जमिनीत जगवत होते, मारत होते, पुन्हा लावत होते, आणि ते का जगतं याचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या प्रबंधाचा विषयही शेवटी तोच आहे, म्हणून आज हा इतिहास.

आधी झाडाची ओळख. उत्तराखंडात ट्रेकला गेला असाल तर तुम्ही याला बुरांश म्हणून ओळखता. तिथून येताना लाल सरबताची बाटलीही आणली असेल. संदकफूला गेला असाल तर हाच लाली गुरांस. ऱ्होडोडेंड्रॉन ही प्रजाती मोठी आहे, हजाराच्या आसपास जाती, आणि आपल्याकडे नर्सरीत 'अझेलिया' नावाने मिळतं ते झुडूपही त्यातलंच. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत मात्र ऱ्होडोडेंड्रॉन आपोआप उगवत नाही. दक्षिणेत ते पाहायचं तर निलगिरी किंवा पळणीच्या डोंगरांवर जावं लागतं.

बुरांशची गोष्ट युरोपीय वनस्पतिशास्त्रात सुरू होते १७९६ साली, कॅप्टन थॉमस हार्डविक गढवालात गेला तेव्हा. त्याने हे झाड पाहिलं आणि पुढे १८०५ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथने त्याचं 'ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम' असं नामकरण केलं. आर्बोरियम म्हणजे वृक्षासारखं. नाव देणं सोपं होतं, बी जिवंत पोचवणं अवघड. या जातीचं बी भुशासारखं बारीक, आणि जहाजाचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच याने ते ब्राउन शुगरच्या डब्यांत घालून पाठवलं असं सांगतात. त्यातून इंग्लंडमध्ये रोपं तयार झाली आणि १८२५ साली हॅम्पशायरमधल्या 'द ग्रेंज' या इस्टेटीवर तिकडचं पहिलं फूल उमललं.

त्या काळी या झाडाची जागा काचघरात, कुंडीत किंवा लाकडी खोक्यात मानली जायची. तर्क सरळ होता: भारतातून आलंय ना, मग त्याला ऊब हवी. लंडनच्या माणसाला भारत म्हणजे कलकत्ता. बुरांश दीड-दोन हजार मीटरच्या वर वाढतो, त्याच्या फुलांवर कधीकधी बर्फ पडतो, हे त्याच्या गावी नव्हतं. पण त्याला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तर्क चुकीचा असला तरी अनुभव त्याच्या बाजूने होता. सुरुवातीला आलेलं बरंचसं बी कमी उंचीवरच्या, गडद लाल फुलांच्या झाडांचं होतं, आणि ती झाडं इंग्लंडच्या कडाक्यात खरोखरच मरायची. एकाच जातीतली जास्त उंचीवरची, गुलाबी-पांढऱ्या फुलांची झाडं तो कडाका सहन करतात, हे कळायला वेळ लागला. नमुना चुकीच्या ठिकाणाहून घेतला की निष्कर्ष चुकतो, आणि तरीही आपल्या डोळ्यांसमोर तो रोज सिद्ध होत राहतो. ही अडचण आम्हा प्रयोगवाल्यांच्या फार ओळखीची आहे.

शिवाय कुंडीत या झाडाचं करायचं काय? नागालँडमध्ये जाफू डोंगरावर याच जातीच्या एका झाडाची उंची १०८ फूट नोंदली गेली आहे. बियांपासून लावलेलं झाड फुलायला कित्येक वर्षं घेतं, आणि तोवर काचघराच्या छताला टेकतं. म्हणून माळ्यांनी वेगळी वाट काढली. झाड बाहेर नेता येत नाही ना, मग त्याचा लाल रंग तरी बाहेर नेऊ. हायक्लेर या इस्टेटीवर (डाउन्टन ॲबी पाहिलंत? तोच वाडा) १८२६ मध्ये बुरांशचा संकर एका काटक ऱ्होडोडेंड्रॉनशी केला गेला. त्या काटक झाडाच्या आईबापांपैकी एक अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांतलं आणि दुसरं 'पाँटिकम', भूमध्य समुद्राच्या बाजूचं. संकराला १८३१ मध्ये फुलं आली, आणि ते झाड बाहेर, थंडीत उभं राहू शकत होतं. पाँटिकम हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

बाहेर म्हणजे तरी कुठे? इथे मला एक गंमतीची गोष्ट सापडली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमधल्या श्रीमंत बागांमध्ये 'अमेरिकन गार्डन' नावाचा एक कोपरा असायचा. अमेरिकेतून आलेली ऱ्होडोडेंड्रॉन, काल्मिया वगैरे झुडपं साध्या बागेच्या मातीत पिवळी पडून मरतात, हे माळ्यांना कळलेलं होतं. मग ते मोठा खड्डा खणायचे, त्यात दलदलीतली किंवा माळरानावरची काळी, कुजक्या पाल्याची माती भरायचे आणि त्यात ही झुडपं लावायचे. बघायला गेलं तर हा वाफा म्हणजे जमिनीत पुरलेली भलीमोठी कुंडीच. खड्ड्याच्या भिंतीपलीकडची माती झाडाला चालत नव्हतीच. ज्यांच्या जमिनीत मुळातच तशी माती होती, उदाहरणार्थ सरे परगण्यातल्या बॅगशॉटच्या रेताड पट्ट्यातल्या नर्सऱ्या, त्यांची मात्र चंगळ झाली. त्यांना खड्डाच नको होता.

आता जोसेफ हूकर. हा तिशीतला तरुण १८४८ च्या जानेवारीत कलकत्त्याला उतरला आणि एप्रिलमध्ये दार्जिलिंगला पोचला. वडील विल्यम हूकर हे क्यू उद्यानाचे संचालक, त्यामुळे मुलाने काय पाठवावं हे ठरलेलं होतं. पुढची दोन वर्षं तो सिक्कीम आणि पूर्व नेपाळात फिरला. १८४८ च्या ऑक्टोबरमध्ये नेपाळकडे निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात ५६ माणसं होती. लेपचा, भुतिया, हमाल, पक्षी मारणारे, झाडांवर चढणारे. झाडांवर चढणारे लागायचेच, कारण दार्जिलिंगच्या जंगलात 'डलहौसी' ऱ्होडोडेंड्रॉन जमिनीवर नव्हे तर ओकच्या फांद्यांवर, शेवाळात मुळं रोवून वाढतं. ते झाड खाली आणलं लेपचा माणसांनी आणि नाव लागलं गव्हर्नर जनरलच्या बायकोचं. हॉजसन, कॅम्पबेल, थॉमसन, फाल्कनर यांनाही एकेक जात मिळाली. हूकरने लेपचांचं तोंडभरून कौतुक लिहून ठेवलंय, पण सिक्कीमच्या त्या जातींत एकाही लेपचा माणसाचं नाव नाही. १८४९ च्या नोव्हेंबरात सिक्कीमच्या दिवाणाने हूकर आणि कॅम्पबेल यांना पकडून ठेवलं, डिसेंबरात सोडलं, आणि त्याचं निमित्त करून इंग्रजांनी सिक्कीमचा तराईचा मुलूख घेतला. फुलांच्या पुस्तकांत हा भाग सहसा एका ओळीत उरकतात. मीही उरकतेच आहे, पण निदान लिहिते.

हूकरबद्दल मला खरं आवडतं ते वेगळंच. तो जाईल तिथे जमिनीत भोक पाडून सुमारे तीन फूट खोल थर्मामीटर पुरायचा. त्याच्या 'हिमालयन जर्नल्स'मध्ये (१८५४) मातीच्या तापमानाच्या नोंदी पानोपानी आहेत. वर हवा दिवसरात्र वरखाली होत असताना खाली माती जवळपास स्थिर असते, हे त्या आकड्यांतून स्वच्छ दिसतं. माझ्या ३१ रोपांचं मरण एका वाक्यात सांगायचं तर तेच: जमिनीतल्या मुळांना हा स्थिरपणा फुकट मिळतो आणि काळ्या कुंडीतल्या मुळांना सगळ्या बाजूंनी हवा आणि ऊन लागतं. थंडीतही तसंच. जमिनीतली मुळं तग धरतात तेव्हा त्याच जातीची कुंडीतली मुळं गोठून मरतात. आकडे १८५४ पासून छापलेले होते. बागवाले मात्र फिचने काढलेली फुलांची चित्रं बघत बसले. तीस रंगीत चित्रांचं ते पुस्तक १८४९ ते १८५१ मध्ये निघालं, आणि खरं सांगायचं तर चित्रं आहेतच तशी.

हूकरचं बी क्यूने वाटलं, नर्सऱ्यांनी वाढवलं आणि देशभर ऱ्होडोडेंड्रॉनचं वेड पसरलं. काही जाती काचघरातच राहिल्या; त्या डलहौसीसारख्या नाजूक जाती आजही तिथे कुंड्यांत दिसतात. बाकीच्यांची परीक्षा बाहेर झाली. क्यूमध्ये १७७३ साली 'केपेबिलिटी' ब्राउन नावाच्या उद्यानकाराने खणून घेतलेली एक घळ होती, तिथे ऱ्होडोडेंड्रॉन लावली गेली. पण लंडनची कोरडी हवा आणि तिथली रेताड, लवकर सुकणारी जमीन त्यांना फार मानवणारी नव्हती. १८६० च्या नाताळात इंग्लंडात भयंकर थंडी पडली आणि नव्याने आलेल्या विदेशी झाडांचं अतोनात नुकसान झालं. तगली ती पश्चिमेकडची झाडं. कॉर्नवॉलमध्ये, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आर्गाइलमध्ये. तिथे समुद्रामुळे हिवाळा सौम्य, पाऊस भरपूर, माती आम्लधर्मी, वरून ओक-बीचच्या झाडांचा पाला पडत राहतो. म्हणजे हिमालयाच्या ओल्या उताराची बऱ्यापैकी नक्कल, आणि तीही कुणी मुद्दाम न केलेली.

यातल्या कॉर्नवॉलमधल्या हेलिगनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात तिथले माळी लढायला गेले, त्यातले बरेच परतले नाहीत, वाडा भाड्याने गेला, बाग रानात बुडाली. १९९० मध्ये झुडपं कापत लोक आत शिरले, तर काचघरांच्या काचा फुटून खाली पडलेल्या होत्या आणि एकोणिसाव्या शतकातली ऱ्होडोडेंड्रॉन मात्र भलीथोरली होऊन उभी होती. सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणी पाणी घातलं नव्हतं, खत घातलं नव्हतं. कुंडीतलं झाड उन्हाळ्यात सत्तर दिवसही काढत नाही.

मग माती नेमकं काय देत होती? एकोणिसाव्या शतकातल्या माळ्याकडे यासाठी शब्दच नव्हता. तो 'पीट माती', 'चुन्याचं वावडं' असं म्हणायचा. आज आपण पटकन पीएच म्हणतो, पण ही मोजपट्टी सोरेन्सनने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली १९०९ साली. (हो, बिअरवाले कार्ल्सबर्ग.) आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिलने ब्लूबेरीवरचे प्रयोग छापले. ब्लूबेरी ही ऱ्होडोडेंड्रॉनच्याच कुळातली. सुपीक, खत घातलेल्या, चुनायुक्त बागेच्या मातीत ती खुरटते आणि आम्लधर्मी, कुजक्या पाल्याच्या मातीत जोमाने वाढते, हे त्याने दाखवून दिलं. 'चांगली जमीन' ही सगळ्या पिकांना चांगली नसते, हे त्याआधी इतक्या पद्धतशीरपणे कुणी या कुळाबद्दल सांगितलं नव्हतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण या झाडांना ते उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

हे चित्र मी लहानपणी आमच्या पुण्यातल्या गॅलरीत पाहिलं होतं. आईने हौसेने अझेलिया आणली, तिला बोअरचं जड पाणी घातलं, महिन्या-दोन महिन्यांत पानं पिवळी. आई म्हणाली, माझ्या हाताला गुण नाही. गुण पाण्यात नव्हता. आणि ती खाली सोसायटीच्या काळ्या मातीत लावली असती तरी तेच झालं असतं, कारण दख्खनची काळी माती क्षारधर्मी, चुन्याचे खडे असलेली. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे खरी, पण तिथला उकाडा या झाडाला झेपत नाही. तेव्हा आई, तू हे वाचत असशील तर तो विषय आता सोडून दे.

पीएचने अर्धंच कोडं सुटतं. उरलेलं अर्धं म्हणजे माझं पोटापाण्याचं काम. या कुळाच्या झाडांची सगळ्यात बारीक मुळं केसापेक्षाही बारीक असतात, आणि त्यांच्या बाहेरच्या पेशींत एक बुरशी राहते. ही बुरशी कुजक्या पाल्यात अडकलेला नायट्रोजन मोकळा करून झाडाला देते आणि बदल्यात साखर घेते. अशा भागीदारीला मायकोरायझा म्हणतात. मेबल रेनर या इंग्लिश संशोधिकेने १९१५ मध्ये हीथरच्या बाबतीत असा दावा केला की या बुरशीशिवाय रोप वाढूच शकत नाही आणि ती बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. दावा चुकीचा ठरला. इतरांनी निर्जंतुक बाटल्यांत बुरशीशिवाय रोपं वाढवून दाखवली. पण ती बाटलीतली रोपं आयतं खत खात होती. रानातल्या निकृष्ट मातीत, जिथे नायट्रोजन कुजक्या पाल्यात बंद असतो, तिथे बुरशीचा उपयोग किती, हे १९७० च्या दशकात शेफील्डच्या डेव्हिड रीड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. रेनर चुकल्या, पण बघत होत्या योग्य जागी. माझ्या प्रबंधातल्या एखाद्या चुकीबद्दल कुणी असं म्हटलं तर मला चालेल.

म्हणजे 'अमेरिकन गार्डन'चे माळी माळरानावरची माती गाड्यांनी आणत होते तेव्हा नकळत या बुरशीचं विरजणही आणत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चक्र उलटं फिरलं. गार्डन सेंटरची दुकानं आली, आणि झाडं पुन्हा कुंडीत गेली. हिवाळ्याची वाट न बघता बारा महिने विकता येतात म्हणून. ती वाढवायची पीटमध्ये, विद्राव्य खतावर. गिऱ्हाईक घरी नेऊन खड्डा खणतं, कुंडी काढतं, झाड लावतं, आणि दोन वर्षांनी ते सुकतं. उपटून पाहिलं तर मुळांचा गोळा कुंडीच्याच आकाराचा! पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही, पाणी बाजूने निघून जातं, आणि मुळं बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत. म्हणून जाणकार लोक लावण्याआधी गोळा बादलीत बुडवून चिंब करतात, कडेची मुळं हाताने मोकळी करतात, झाड जरा उंचावर लावतात (मुळं उथळ असतात, खोल गाडली की गुदमरतात) आणि वर पाल्याचं जाड आच्छादन घालतात. बुंध्याजवळ कुदळ अजिबात नाही.

आता पाँटिकम. १७६३ च्या सुमारास ते ब्रिटनमध्ये आलं. काटक, वाटेल तिथे फोफावणारं, म्हणून नर्सरीवाल्यांनी त्याचा खुंट वापरून त्यावर नाजूक जातींची कलमं बांधली. जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून ते रानात लावलं. वरचं कलम मेलं किंवा दुर्लक्षित राहिलं की खुंटाचे फुटवे वर येतात. एकेक झुडूप वर्षाला लाखो बारीक बिया टाकतं. आज वेल्सचं स्नोडोनिया, आयर्लंडचं किलार्नी, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, जिथे हिमालयी झाडं सुखाने राहिली तिथेच, पाँटिकमने ओकच्या जुन्या रानांची जमीन झाकून टाकली आहे. त्याच्या दाट सावलीत खाली शेवाळ नाही, ओकचं एक रोप नाही. २००० साली मिल्न आणि ॲबट यांनी डीएनए तपासून दाखवलं की ब्रिटनमध्ये रानटी झालेल्या पाँटिकमपैकी सुमारे ९० टक्के स्पेनच्या वंशाचं आहे आणि उरलेलं बहुतेक पोर्तुगालच्या. आणि बुरशी? ती त्याला इथे आयतीच मिळाली. इथल्या हीथरच्या मुळांत याच गटाची बुरशी हजारो वर्षांपासून आहे. शिवाय 'फायटोफ्थोरा रॅमोरम' हा लार्चची जंगलं मारणारा रोग पाँटिकमच्या पानांवर पोसला जातो, तो वेगळाच.

दर शनिवारी इथे स्वयंसेवक करवती घेऊन पाँटिकम कापायला जातात. मीही दोनदा गेले. आठवडाभर ऱ्होडोडेंड्रॉन जगवायचं आणि शनिवारी तोडायचं. काका म्हणाले, पगार मिळतो त्यातलं नीट कर.

उरलेल्या १७ रोपांचं काय केलं ते सांगते. मार्गदर्शकांशी बोलून प्रयोगाचा आराखडा बदलला. ऑक्टोबरमध्ये त्यातली ९ रोपं त्या जुन्या झाडाजवळच्या उतारावर जमिनीत लावली. ८ कुंडीतच ठेवली, या वेळी पांढऱ्या कुंड्यांत आणि सावलीत. प्रत्येकाच्या मुळाशी तापमान मोजणारा छोटा सेन्सर पुरलाय. मेलेल्या ३१ रोपांचं काय लिहायचं हा प्रश्न होता. ती परिशिष्टात जातील, तापमानाच्या तक्त्यासह. जमिनीतल्या रोपांच्या मुळांत जुन्या झाडाची बुरशी पोचली का, ते एप्रिलमध्ये एक-दोन मुळं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसेल. सध्या त्या उतारावर चार इंच बर्फ आहे आणि आज सकाळी खालच्या सेन्सरने २.५ अंश दाखवलं. हवा उणे सहा होती.